अमेरिकेचे राष्ट्रनिर्माते

अमेरिकेचे राष्ट्रनिर्माते : ग्रेट ब्रिटनच्या उत्तर अमेरिकेतील तेरा वसाहतींना स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या आणि त्यांचे एका संघराज्यात रूपांतर करणाऱ्या मुत्सद्द्यांना ही संज्ञा लावतात. व्यापक अर्थाने १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणारे ५६ प्रतिनिधी आणि १७८७ च्या संविधान-परिषदेस उपस्थित असलेले ५५ सभासद यांचा तीत समावेश होतो. इतिहासकार रिचर्ड मॉरिस याने १९७३ मध्ये त्यांतील सात व्यक्तींना अग्रस्थान दिले : बेंजामिन फ्रँक्लिन, जॉर्ज वॉशिंग्टन, जॉन ॲडम्स, टॉमस जेफर्सन, जॉन जे, जेम्स मॅडिसन व अलेक्झांडर हॅमिल्टन. या सातांपैकी चौघे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे स्वभाव, व्यवसाय व राजकीय मते परस्परांहून भिन्न होती. त्यांच्यातील काही आयुष्याच्या उत्तरार्धात एकमेकांचे कडवे विरोधक बनले. तथापि राजसत्तेवाचून एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाचा कारभार चालू शकतो, हे सिद्ध करण्याचे श्रेय त्यांना एकत्रितपणेच द्यावे लागते. त्याचबरोबर मानवी समतेची घोषणा करणाऱ्या या राष्ट्रात गुलामगिरी टिकवून धरण्याची जबाबदारीही त्यांना टाळता येत नाही.

पार्श्वभूमी : सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले. फ्रान्सचा पराभव होऊन ब्रिटनचे उत्तर अमेरिकेतील वर्चस्व प्रस्थापित झाले ; परंतु युद्धामुळे ब्रिटनवर कर्जाचा प्रचंड बोजा पडला. तो अंशतः वसाहतींकडून वसूल करावा, या हेतूने ब्रिटिश संसदेने १७६४ मध्ये साखरेवर व १७६५ मध्ये मुद्रांकाच्या रूपाने कागदपत्रांवर कर बसविला. ज्या संसदेत आपले प्रतिनिधी नाहीत, तिला आपल्यावर कर लादण्याचा अधिकार नाही, अशी भूमिका वसाहतींनी घेतली. मुद्रांक कर १७६६ मध्ये रद्द झाला. पण संसदेने कर बसविण्याचा आपला हक्क सोडला नाही. बॉस्टन येथे ५ मार्च १७७० रोजी सैनिकांच्या गोळीबारात पाच नागरिक मरण पावले. १६ डिसेंबर १७७३ रोजी त्याच बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकून देण्यात आल्या. त्याची शिक्षा म्हणून ब्रिटनने बॉस्टन बंदर बंद केले. तेव्हा बारा वसाहतींचे प्रतिनिधी सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फिया येथे एकत्र आले. हीच पहिली खंडीय काँग्रेस होय. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन व काँकर्ड येथे चकमकी झडल्या आणि युद्धास तोंड लागले.

बेंजामिन फ्रँक्लिन : (१७ जानेवारी १७०६–१७ एप्रिल १७९०). राष्ट्रनिर्मात्यांतील वयाने सर्वांत ज्येष्ठ. साबण व मेणबत्त्या तयार करणाऱ्या बॉस्टनमधील एका कारागिराचा हा मुलगा. त्याचे शालेय शिक्षण फार झाले नाही. थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करीत असता त्याचे भावाशी पटेनासे झाले व १७२३ मध्ये तो फिलाडेल्फियास गेला. मुद्रक, वृत्तपत्राचा संपादक व पंचांगाचा कर्ता म्हणून त्याने संपत्ती मिळविली. वर्गणीवर चालणारे ग्रंथालय, अग्निशामक दल, रुग्णालय इ. सार्वजनिक संस्थांच्या स्थापनेत त्याने पुढाकार घेतला. विजेविषयीच्या प्रयोगांमुळे व तडित्‌निवारकाच्या शोधामुळे त्याचे नाव यूरोपभर झाले. ही कीर्ती पुढे अमेरिकेच्या राजकारणात उपयोगी पडली. १७५४ मध्ये ऑल्बनी येथील परिषदेत त्याने वसाहतींच्या संघाची योजना मांडली होती. ती वसाहतींनी स्वीकारली नाही आणि ब्रिटिश शासनानेही. त्यानंतर अनेक वर्षे तो वसाहतींचा प्रतिनिधी म्हणून लंडनमध्ये राहिला.

डिसेंबर १७७६ मध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी तो वकील म्हणून फ्रान्समध्ये पोहोचला. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी झालेला फ्रान्सशी मैत्रीचा तह ही त्याची सर्वांत मोठी राजकीय कामगिरी होय. फ्रान्सचा पैसा, शस्त्रे व आरमार यांच्यावाचून वसाहतींना युद्ध जिंकणे दुरापास्त होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, फ्रान्सशी तह, ब्रिटनशी १७८३ चा पॅरिसचा तह व संविधान या चारही दस्तऐवजांवर ज्याची सही आहे, असा तो एकमेव पुरुष आहे. पूर्वायुष्यात त्याने स्वतः गुलाम बाळगले होते. तथापि अखेरीस तो पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि मृत्यूपूर्वी दोन महिने, फेब्रुवारी १७९० मध्ये, गुलामगिरी नष्ट करण्याविषयीचा अर्ज त्याच्या सहीने काँग्रेसपुढे आला. काँग्रेसने तो विषय आपल्या अधिकाराबाहेरचा ठरविला.

जॉर्ज वॉशिंग्टन : (२२ फेब्रुवारी १७३२–१४ डिसेंबर १७९९). व्हर्जिनियातील जमीनदार घराण्यात जन्म. अकराव्या वर्षी वडील वारल्यामुळे उच्च शिक्षणाची संधी हुकली. तरुणपणी तो भूमापक होता. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात त्याला लष्करी अनुभव मिळाला. जून १७७५ मध्ये काँग्रेसने त्याची सरसेनापतिपदी नेमणूक केली. त्याचे सैन्य अर्धवट शिकलेले, अपुऱ्या कपड्यांतले आणि पगार थकलेले असे होते. न्यूयॉर्क हातचे गेल्यानंतर १७७६ च्या नाताळच्या रात्री बर्फाने भरलेली डेलावेअर नदी ओलांडून त्याने ट्रेंटन येथील शत्रूच्या तळावर छापा घातला. १७७७–७८ चा हिवाळा व्हॅली फोर्ज येथे अत्यंत हलाखीत गेला. त्याने जिंकलेल्या लढाया थोड्याच ; परंतु सैन्य विखुरू न देणे हेच या युद्धाचे मर्म आहे, हे त्याने ओळखले होते. अखेर १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे फ्रेंच सैन्य व आरमार यांच्या साहाय्याने त्याने कॉर्नवॉलिसला शरण आणले. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल म्हणून आला आणि तिसऱ्या म्हैसूर युद्धात पेशवे व निजाम यांच्या सहकार्याने त्याने टिपूचा पराभव केला.

युद्ध संपल्यानंतर वॉशिंग्टनची खरी कसोटी लागली. थकलेल्या पगारामुळे संतप्त झालेले अधिकारी १७८३ च्या मार्चमध्ये न्यूबर्ग येथील छावणीत काँग्रेसवर लष्करी दडपण आणण्याच्या विचारात होते. त्यांच्या सभेत जाऊन त्याने त्यांना परावृत्त केले. २३ डिसेंबर १७८३ रोजी ॲनापोलिस येथे त्याने सरसेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसच्या स्वाधीन केला व तो आपल्या मौंट व्हर्नन येथील मळ्यावर परतला. विजयी सेनापतीने सत्ता बळकावण्याची उदाहरणे इतिहासात विपुल आहेत. स्वेच्छेने ती परत करण्याची विरळा. यातून मिळालेल्या विश्वासामुळेच १७८७ च्या परिषदेचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी दोन्ही वेळा त्याची निवड एकमताने झाली. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे त्याने शपथ घेतली. मंत्र्यांचा सल्ला घेण्याची प्रथा, यूरोपीय युद्धांत तटस्थ राहण्याचे धोरण (१७९३) आणि दोन कार्यकालांनंतर निवृत्ती हे पायंडे त्याने घातले. तिसरा पायंडा १९४० पर्यंत पाळला गेला व १९५१ मध्ये बाविसाव्या दुरुस्तीने त्यास कायद्याचे रूप मिळाले.

जॉन ॲडम्स : (३० ऑक्टोबर १७३५–४ जुलै १८२६). मॅसॅचूसेट्समधील ब्रेनट्री येथे शेतकरी कुटुंबात जन्म. हार्व्हर्डचा पदवीधर व वकील. १७७० च्या गोळीबारातील ब्रिटिश सैनिकांचे वकीलपत्र त्याने लोकक्षोभाची पर्वा न करता घेतले. कप्तान व सहा सैनिक निर्दोष सुटले. दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल सौम्य शिक्षा झाली. वॉशिंग्टनच्या नेमणुकीचा आग्रह धरणारा, स्वातंत्र्याच्या ठरावासाठी काँग्रेसमध्ये सर्वाधिक झगडणारा आणि जाहीरनाम्याचा मसुदा जेफर्सनकडे सोपविण्यात पुढाकार घेणारा सभासद तोच होता. मॅसॅचूसेट्सचे १७८० चे संविधान मुख्यत्वे त्याने लिहिले. त्याची पत्नी ॲबिगेल हिने मार्च १७७६ मधील एका पत्रात, नवे कायदे करताना स्त्रियांचा विसर पडू देऊ नये, असे त्याला बजावले होते. त्याने ती मागणी थट्टेवारी नेली. स्त्रियांना देशभर मताधिकार मिळण्यास १९२० साल उजाडावे लागले.

ॲडम्स हा दुसरा राष्ट्राध्यक्ष (१७९७–१८०१). शासनावरील टीका दंडनीय ठरविणारा १७९८ चा कायदा त्याच्या सहीने झाला व तो त्याच्या कारकीर्दीवरील डाग ठरला. उलटपक्षी, स्वपक्षीयांचा विरोध पतकरून त्याने फ्रान्सशी संभाव्य युद्ध टाळले व १८०० मध्ये तह केला. त्याची किंमत त्याला निवडणुकीतील पराभवाच्या रूपाने मोजावी लागली. त्याने आयुष्यात कधीही गुलाम बाळगला नाही.

टॉमस जेफर्सन : (१३ एप्रिल १७४३–४ जुलै १८२६). व्हर्जिनियातील शॅडवेल येथे जन्म. विल्यम अँड मेरी महाविद्यालयात शिक्षण. कायदा, वास्तुशिल्प, शेती, भाषा व निसर्गविज्ञान अशा अनेक विषयांत त्याला गती होती. ३३ व्या वर्षी त्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. सर्व माणसे समान निर्माण झाली असून जीवित, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे त्यांचे अविच्छेद्य हक्क आहेत आणि शासनाचा अधिकार शासितांच्या संमतीतून उद्भवतो, हा त्यातील गाभा होय. गुलामांच्या व्यापाराचा दोष ब्रिटनच्या राजावर ठेवणारा एक परिच्छेद मसुद्यात होता. दक्षिणेकडील काही वसाहतींच्या विरोधामुळे काँग्रेसने तो वगळला. व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा जेफर्सनने लिहिला व मॅडिसनच्या प्रयत्नाने तो १७८६ मध्ये संमत झाला.

तिसरा राष्ट्राध्यक्ष असताना (१८०१–०९) त्याने १८०३ मध्ये नेपोलियनकडून लुइझिॲनाचा सुमारे २१ लाख चौ. किमी.चा प्रदेश दीड कोटी डॉलरना विकत घेतला व देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. मध्यवर्ती सत्तेचे अधिकार शब्दशः मर्यादित ठेवावेत, असे आग्रहाने सांगणाऱ्या जेफर्सनने संविधानात स्पष्ट तरतूद नसलेला हा व्यवहार केला. आपल्या समाधीवर जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची स्थापना या तीनच गोष्टींचा उल्लेख असावा, असे त्याने लिहून ठेवले. अध्यक्षपदाचा त्यात निर्देश नाही.

हॅमिल्टन, मॅडिसन व जे : अलेक्झांडर हॅमिल्टन (११ जानेवारी १७५५ किंवा १७५७–१२ जुलै १८०४) याचा जन्म वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर झाला. लहानपणीच आईचे छत्र हरपल्यावर तो एका व्यापारी पेढीत कारकुनी करू लागला. स्थानिक हितचिंतकांच्या मदतीने तो न्यूयॉर्कच्या किंग्ज महाविद्यालयात शिकावयास आला. युद्धात तो वॉशिंग्टनचा साहाय्यक अधिकारी होता. पहिला अर्थमंत्री म्हणून (१७८९–९५) त्याने घटकराज्यांची युद्धकर्जे केंद्राकडे घेतली, राष्ट्रीय बँक स्थापिली (१७९१) आणि उद्योगांना संरक्षण देण्याची योजना मांडली. कर्जाच्या प्रश्नावरील तडजोडीत दक्षिणेकडील नेत्यांचे समाधान करण्यासाठी राजधानी पोटोमॅक नदीकाठी नेण्याचे १७९० मध्ये ठरले. ११ जुलै १८०४ रोजी उपाध्यक्ष ॲरन बर याच्याशी झालेल्या द्वंद्वयुद्धात तो जखमी झाला व दुसऱ्या दिवशी मरण पावला.

जेम्स मॅडिसन (१६ मार्च १७५१–२८ जून १८३६) हा प्रकृतीने नाजूक व बोलण्यात संकोची, पण राज्यशास्त्राचा गाढा अभ्यासक होता. परिषदेत चर्चेला आधारभूत ठरलेली व्हर्जिनिया योजना प्रामुख्याने त्याची. तेथील चर्चेची त्याने ठेवलेली टिपणे हा आज सर्वांत महत्त्वाचा पुरावा मानला जातो. व्यक्तीच्या हक्कांची हमी देणाऱ्या पहिल्या दहा दुरुस्त्या त्याच्या पुढाकाराने मांडल्या गेल्या व १५ डिसेंबर १७९१ रोजी अंमलात आल्या. चौथा राष्ट्राध्यक्ष म्हणून (१८०९–१७) त्याने ब्रिटनशी १८१२ चे युद्ध पुकारले. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी राजधानी जाळली.

जॉन जे (१२ डिसेंबर १७४५–१७ मे १८२९) हा पॅरिसच्या तहाच्या वाटाघाटींतील एक प्रतिनिधी व सर्वोच्च न्यायालयाचा पहिला सरन्यायाधीश. न्यूयॉर्कचा राज्यपाल असताना १७९९ मध्ये गुलामगिरी क्रमाक्रमाने नष्ट करणाऱ्या कायद्यास त्याने मान्यता दिली.

संविधानाची निर्मिती : स्वातंत्र्यानंतर तेरा राज्ये एका सैल संघात बांधलेली होती. १७८१ मध्ये अंमलात आलेल्या संघनियमांनुसार काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता व महत्त्वाच्या बदलांना सर्व राज्यांची संमती लागे. कर्जबाजारी शेतकऱ्यांनी मॅसॅचूसेट्समध्ये १७८६–८७ मध्ये डॅनिएल शेजच्या नेतृत्वाखाली केलेल्या उठावामुळे ही दुर्बलता उघड झाली. २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फिया येथे बंद दाराआड परिषद भरली. ऱ्होड आयलंडने प्रतिनिधी पाठविलेच नाहीत. जेफर्सन व ॲडम्स त्या वेळी अनुक्रमे पॅरिस व लंडन येथे वकील होते. मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार, तर लहानांना समान प्रतिनिधित्व हवे होते. प्रातिनिधिक सभेत पहिले व सीनेटमध्ये दुसरे तत्त्व मान्य करून हा वाद मिटविण्यात आला. विधिमंडळ, कार्यकारी सत्ता व न्यायसंस्था यांनी परस्परांना आवर घालावा, अशी रचना करण्यात आली. अखेरीस ३९ सभासदांनी सह्या केल्या.

राज्यांची संमती मिळविणे सोपे नव्हते. हॅमिल्टन, मॅडिसन व जे यांनी ‘पब्लिअस’ या एकाच टोपणनावाने १७८७–८८ मध्ये लिहिलेले ८५ निबंध द फेडरॅलिस्ट या नावाने प्रसिद्ध आहेत. हॅमिल्टनने ५१, मॅडिसनने २९ व जे याने ५ निबंध लिहिले. २१ जून १७८८ रोजी न्यू हँपशरने, म्हणजे नवव्या राज्याने, मान्यता दिल्यावर संविधान सिद्ध झाले.

पक्षभेद व सत्तांतर : वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातच हॅमिल्टन व जेफर्सन यांच्यात मूलगामी मतभेद उत्पन्न झाले. हॅमिल्टनला प्रबळ केंद्र, बँका व कारखानदारी हवी होती. जेफर्सनचा विश्वास राज्यांच्या अधिकारांवर व स्वतंत्र शेतकऱ्यांवर होता. पूर्वीचा सहकारी मॅडिसनही जेफर्सनच्या बाजूस गेला. यातून फेडरॅलिस्ट व रिपब्लिकन हे पक्ष निर्माण झाले. १८०० ची निवडणूक अतिशय कटुतेची झाली. जेफर्सन व त्याचाच सहउमेदवार बर यांना प्रत्येकी ७३ मते पडल्याने निर्णय प्रातिनिधिक सभेकडे गेला व छत्तिसाव्या मतदानात जेफर्सन निवडला गेला. हॅमिल्टनने बरपेक्षा आपला जुना प्रतिस्पर्धी जेफर्सन बरा, असा कौल देऊन वजन खर्च केले. पराभूत ॲडम्सने शपथविधीस न थांबता पहाटेच राजधानी सोडली. पण सत्ता मात्र मुकाट्याने सोपविली. शस्त्राशिवाय एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सत्ता जाऊ शकते, हे या प्रसंगाने दाखविले. ॲडम्स व जेफर्सन यांचे १८१२ पासून पुन्हा सख्य जुळले व त्यांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालला. जाहीरनाम्याच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, ४ जुलै १८२६ रोजी, दोघांनीही काही तासांच्या अंतराने देह ठेवला.

गुलामगिरीचा प्रश्न : १७९० च्या पहिल्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती, पैकी सुमारे ७ लाख गुलाम होते. संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कटाक्षाने टाळला आहे. परंतु प्रतिनिधित्वासाठी पाच गुलाम म्हणजे तीन व्यक्ती अशी गणना, १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीस मुभा आणि पळून गेलेल्या गुलामास मालकाकडे परत करण्याचे बंधन अशा तीन तरतुदी त्यात आल्या. या तरतुदींवाचून दक्षिणेकडील राज्ये संघात आली नसती, असे त्यांचे समर्थन केले जाते. तथापि तडजोडीमुळे दक्षिणेचे काँग्रेसमधील बळ वाढले व प्रश्न पुढील पिढ्यांवर ढकलला गेला, हेही तितकेच खरे. दुसऱ्या बाजूस, १७८७ च्याच एका कायद्याने ओहायओ नदीच्या वायव्येकडील प्रदेशात गुलामगिरीस बंदी झाली आणि १८०८ पासून जेफर्सनच्या कारकीर्दीतील कायद्याने आयात थांबली.

व्यक्तिगत आचरणातही फरक दिसतो. वॉशिंग्टनने आपल्या स्वतःच्या मालकीचे १२३ गुलाम पत्नीच्या पश्चात मुक्त व्हावेत, अशी मृत्युपत्रात तरतूद केली. तिने ते १८०१ च्या आरंभीच मुक्त केले. जेफर्सनने गुलामगिरीस नैतिक अधःपात म्हटले, परंतु आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले व थोड्यांनाच मुक्त केले. इतर बहुतेकांची त्याच्या मृत्यूनंतर कर्जफेडीसाठी विक्री झाली. सॅली हेमिंग्ज या त्याच्या गुलाम स्त्रीच्या अपत्यांचा पिता तोच असावा, हा निष्कर्ष १९९८ मधील जनुकीय चाचणीनंतर बहुतेक इतिहासकारांनी स्वीकारला आहे. मॅडिसनने मृत्युपत्राने एकाही गुलामास मुक्त केले नाही. मूळ अमेरिकन जमातींचे या राष्ट्रनिर्मितीत काहीही स्थान नव्हते. वॉशिंग्टनच्या आज्ञेवरून १७७९ मध्ये इरोक्वाय जमातींची गावे व पिके जाळण्यात आली आणि पश्चिमेकडील विस्तारात त्यांच्या जमिनी गेल्या. गुलामगिरीच्या प्रश्नाचा निकाल शेवटी यादवी युद्धानेच (१८६१–६५) लागला आणि १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने ती प्रथा नष्ट झाली.

मूल्यमापन व प्रभाव : एकोणिसाव्या शतकातील चरित्रकारांनी या पुरुषांना जवळजवळ देवत्व दिले. १९१३ मध्ये चार्ल्स बीअर्ड याने संविधानकर्त्यांचे आर्थिक हितसंबंध पुढे मांडले ; त्याच्या निष्कर्षांवर नंतर बरीच टीका झाली, तरी भाबडे वीरपूजन मागे पडले. अलीकडील संशोधनाने त्यांच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांची चरित्रेही उजेडात आणली. हे राष्ट्रनिर्माते दोषमुक्त नव्हते आणि आपली रचना निर्दोष आहे, असा त्यांचा दावाही नव्हता. म्हणूनच दुरुस्तीची तरतूद त्यांनी संविधानातच केली. तिच्या आधारे आजवर २७ दुरुस्त्या झाल्या. ज्या जाहीरनाम्याच्या कर्त्याने गुलाम बाळगले, त्याच जाहीरनाम्यातील समतेच्या तत्त्वाचा आधार फ्रेडरिक डग्लस, अब्राहम लिंकन व मार्टिन ल्यूथर किंग यांनी घेतला.

महाराष्ट्रातील विचारपरंपरेशीही या इतिहासाचा धागा जुळतो. स्वातंत्र्याची चळवळ चेतविणाऱ्या टॉमस पेनच्या मानवी हक्कांविषयीच्या ग्रंथाचा महात्मा जोतीराव फुले यांच्यावर खोल परिणाम झाला. त्यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला ; म्हणजे त्यांनी गौरव केला तो राष्ट्रनिर्मात्यांनी अपुरे ठेवलेले काम पुरे करणाऱ्यांचा. हॅमिल्टन व जे जेथे शिकले, त्याच किंग्ज महाविद्यालयाचे पुढे कोलंबिया विद्यापीठ झाले व तेथे १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अध्ययन केले. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकन अध्यक्षीय पद्धतीशी भारतीय संसदीय पद्धतीची तुलना केली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी जेफर्सनचे मत उद्धृत केले : प्रत्येक पिढी हे जणू स्वतंत्र राष्ट्र असून तिला पुढील पिढीस बांधून ठेवण्याचा अधिकार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रनिर्मात्यांच्या कार्याकडे पाहण्याची योग्य दृष्टीही याच मतात सापडते.